खोबऱ्याच्या बुंध्यातली माती

ज्या साली आमच्या खोबऱ्या आंब्याला पानं दिसेनाशी होईपर्यंत मोहर आला, त्या साली घरात सगळी आनंदात होती. त्या आनंदाची आठवण मला अजूनही नकोशी वाटते. माझा मुलगा राहतो तिथे फाटकाशी एक बहावा आहे. मागच्या उन्हाळ्यात तो नुसता पिवळाधमक झाला होता. शेजारपाजारची माणसं खाली उभी राहून फोटो काढत होती, आणि मी काठी टेकत जाऊन त्याच्या बुंध्याशी सिमेंट किती जवळ आलंय ते बघत होते. सूनबाई हसली. तिला काय सांगणार? झाडाखाली गेलं की आधी मान खाली घालून बघायची सवय मला लागली ती त्या वर्षी, आणि ती भीतीने लागली.

खोबऱ्या रायवळ आंबा होता. गर ओल्या खोबऱ्यासारखा दाताखाली यायचा, म्हणून त्याचं नाव खोबऱ्या. मालवणच्या बाहेर, रस्ता आणि खाडी यांच्यामधल्या उतारावर आमचं घर, आणि त्याला लागून दाजीकाकांचं. दाजीकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. दोन्ही घरांच्या मध्ये खोबऱ्या उभा होता. खाडीच्या वाऱ्याने तो लहानपणापासूनच घरांच्या बाजूला कललेला. त्याची एक दांडगी फांदी आमच्या कौलांवर आणि दुसरी दाजीकाकांच्या पडवीवर आलेली होती. त्या पडवीत त्यांच्या तान्ह्या मुलीचा पाळणा टांगलेला असे. भरतीचं पाणी चिखलावर चुबुक चुबुक वाजायचं, लांबून समुद्राची गाज यायची, आणि या दोन आवाजांच्या मध्ये खोबऱ्याच्या पानांचा सळसळाट कायम भरलेला असायचा. तो आवाज आम्हाला ऐकूच येत नसे, इतका तो घरचा होता. पुढे तो कमी झाला तेव्हा तो होता हे कळलं.

घरात आम्ही तिघी: आये, मी आणि काशीआते. बाबा मालवाहू बोटीवर होते. वर्ष-दोन वर्षांनी महिना-दीड महिना घरी यायचे, आणि त्या दिवसांत घरातल्या प्रत्येक गोष्टीला हात लावून ती सुधारायचे. असेच एकदा ते सुटीवर असताना एस.टी.साठी रस्ता रुंद करायचं काम निघालं. वरची दरड कापली, आणि तांबड्या मातीचे, चिऱ्याच्या तुकड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले. आमचं अंगण उतरतं होतं. पावसात तिथून पाणी धावायचं, सारवण टिकायचं नाही. बाबांनी आणि दाजीकाकांनी दाजीकाकांच्याच बैलगाडीतून ती माती आणून अंगणात ओतली, धुमसून बसवली आणि वरून शेणाने सारवून घेतली. अंगण ताटासारखं सपाट झालं. बाबा कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "आता ह्या अंगणात कोकमाची सोलां वाळयली तरी एक घरंगळाची नाय." माती खोबऱ्याच्या बुंध्यापर्यंत, त्याच्या भोवती, चांगली माझ्या हातभर उंच चढली होती. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बुंध्याशी बसायला छान बैठक झाली म्हणून मीच आधी जाऊन बसले.

त्यानंतर थोड्या दिवसांनी काशीआते सासरहून, वालावलहून, परत आली. ती बाबांची धाकटी बहीण. मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली, आणि काशीआते एक ट्रंक घेऊन एस.टी.तून उतरली. तिने कुणाला काही सांगितलं नाही. आयेने ट्रंक आत घेतली, पेज वाढली, भाजलेल्या सुक्या बांगड्याचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाली, "जेव." एवढंच. काशीआते उंच, हाडापेराने मजबूत आणि कमी बोलणारी. दुपारचं काम आवरलं की ती खोबऱ्याखाली माडाच्या चुडतांची झापं विणत बसायची. तिच्या बोटांमधून चुडताची पाती सरसर जायची आणि मी तिच्याजवळ अभ्यास करत बसायची. मला ती आवडायची. ती कुणालाच काही विचारायची नाही, म्हणून तिच्याजवळ बसायला बरं वाटायचं.

झाडाचं बिनसलं ते हळूहळू, दोनेक वर्षांत. शेंड्याकडच्या काटक्या पहिल्यांदा उघड्या पडल्या. त्यांवर कावळे बसू लागले, कारण तिथून त्यांना सगळं दिसायचं. पालवी आली ती बारीक, फिकट, कडेने करपलेली. पावसाळा संपतो न संपतो तोच पानं गळू लागली. अंगण झाडताना आये म्हणायची, "औंदा पातेरो खूप पडता गो." सालीतून काळसर डिंक ओघळून खाली सुकलेला असायचा, तो मी नखाने उकलून काढायची. मग एका दुपारी तो आवाज आला. आये आत पडली होती, काशीआते विहिरीवर होती, वाऱ्याची झुळूकही नव्हती. मी बुंध्याला टेकून बसले होते, आणि माझ्या पाठीमागे, झाडाच्या आत, कुणीतरी कर् कर् करून काहीतरी चावत होतं. मी उठले. आवाज थांबला. कान लावला तर पुन्हा, अगदी सावकाश. बुंध्याच्या खोबणीतून लाकडाचा भुसा बारीक बारीक खाली पडत होता.

वाडीतल्या पोरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की खोबऱ्यावर देवचार राहतो. देवचार म्हणजे वाडीचा राखणदार, न दिसणारा. तो हातात काठी घेऊन हद्दीवरून फिरतो, आणि त्याला राग आला की माणसाला वाट चुकवतो. तो आत दात खातोय याबद्दल माझी खात्रीच झाली. मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर ते खरं होईल असं वाटायचं. त्यानंतर अंगण ओलांडताना मी खोबऱ्याच्या बाजूची पायवाट सोडून गोठ्याच्या मागून जाऊ लागले.

आणि त्यानंतरच्या माघात तो मोहर आला. मधमाश्यांचा घूं घूं आवाज दिवसभर घरात यायचा, शेंड्यापासून बुडापर्यंत नुसते तुरे. दाजीकाकांची बायको म्हणाली, झाड बरं झालं. चैत्रात आंबे लागले ते घोसांनी. आकाराने लहान, पण इतके की फांद्या कौलांवर टेकल्या. आमच्याकडे रोज सासव. मोहरीचा तो झणका नाकात जायचा, वर गूळ, आणि आंब्याची अख्खी बाठी ताटात घरंगळायची. काशीआते मोठ्या सुपांवर आंबरसाची साठं वाळत घालायची आणि त्यांवरच्या माश्या हाकलायला मला बसवायची. हाताला कोपरापर्यंत चीक. भीती मी जवळजवळ विसरलेच होते.

एक फांदी पडली ती अशाच एका दुपारी. वारा नव्हता. मी पडवीत होते. काशीआते खोबऱ्याखाली झापं विणता विणता उठली आणि पाण्याला म्हणून आत आली. तिने घागरीवरचं झाकण उचललं, आणि बाहेर असा आवाज झाला, जसं एखादं भलंमोठं कापड कुणी एका झटक्यात फाडलं. मग धप्प. जमीन हलली. ताटं फळीवर खणखणली. आम्ही बाहेर आलो तेव्हा तांबड्या धुळीत, काशीआतेच्या अर्ध्या विणलेल्या झापावर, माझ्या कमरेएवढी जाड फांदी आडवी पडली होती आणि आंबे अजून घरंगळत होते. काशीआतेच्या हातात पाण्याचा तांब्या तसाच होता. तिने तो तोंडाला लावला, सगळा प्यायली, आणि मग खाली बसली.

दाजीकाका धावत आले. ते वाईट माणूस नव्हते हे मला आज मुद्दाम लिहावंसं वाटतं. त्यांची मुलगी त्याच झाडाखालच्या पाळण्यात झोपायची, आणि ते वरच्या फांद्यांकडे परत परत बघत होते. दुसऱ्या दिवशी ते घाड्याकडे, म्हणजे देवाचा कौल घेणाऱ्याकडे, जाऊन आले आणि आमच्या ओटीवर येऊन बसले.

"वैनी, राखणदार रागावलोहा," ते म्हणाले. "झाडाक लोखंड लावचा नाय म्हणता तो. पण काशी इल्यापासून आंबो सुकाक लागलो, ह्या सगळ्या वाडयेन बघल्यानी. जंय ती बसा, थंयच फांदी पडली."

आये तांदूळ निवडत होती. "मगे काय म्हणतास, भावजी?"

"तिका वालावलीक पाठव. घोवाच्या घराक. सवत आसली तरी घर तिचा आसा."

काशीआते आतल्या खोलीत होती. मधे नुसतं कुडाचं भिंताड. तिने सगळं ऐकलं, कारण त्या दिवसापासून ती अंगणात यायची बंद झाली. चुलीपुढच्या अंधारात बसून ती झापं विणायची. मला वाटायचं, हिलाही खरं वाटतंय की काय? आणि याहून वाईट म्हणजे, मला स्वतःलाही थोडं थोडं खरं वाटत होतं. मी तिच्याजवळ बसायची, पण पूर्वीसारखी टेकून नाही.

वैशाखात मामा आला. आयेचा धाकटा भाऊ. तो शेतकीचं शिकून आंबोलीच्या बाजूला सरकारी रोपवाटिकेत लागला होता. पायात काहीतरी दोष असल्याने थोडा लंगडायचा. सासव-भात जेवून तो हात धुवायला अंगणात गेला, वर बघितलं, आणि हात धुवायचे तसेच राहिले. त्याने खोबऱ्याला एक फेरी मारली, मग दुसरी. एक पान तोडून तळहातावर ठेवलं.

"ताये, ह्यो आंबो असो भरान कदीपासून धरता?"

"औंदाच धरलो. तुका न्हेवक पाटीभर काढून ठेवलंय."

"ताये, ह्यो खुशीन धरलो नाय. ह्यो भियालोहा. आपण आता रवणा नाय असा झाडाक वाटला की ता असा करता. बी तरी मागे रवांदे म्हणान."

मग तो बुंध्याशी खाली बसला आणि त्याने मला हाक मारली. "हय ये गो. काय दिसता सांग." मी लांबूनच म्हणाले, झाड दिसतं. "झाडाक पाय आसतत," तो म्हणाला. "मातयेत शिरताना बुंधो रुंद होता, मुळां वायच वर दिसतत. रस्त्यावरचो तो फणस बघ. आणि ह्यो बघ. खांब पुरल्यासारखो सरळ आत गेलोहा. ह्येचे पाय खंय गेले?"

आये दारात उभी होती. ती म्हणाली, "माती घातली ती ह्येंनी. रस्त्याची."

"मुळांका वारो लागना नाय. माणसाच्या तोंडार उशी दाबून ठेवची, तशी ती माती आसा." मामाने खिशातून तार काढली, भुसा पडत होता त्या भोकात घातली, फिरवली आणि अंगठ्याएवढी पांढरी, गुबगुबीत अळी ओढून काढली. "ही भिरूड. चांगल्या झाडाक ती सहसा लागणा नाय. अशक्त झाडाक शोधून काढता." त्याने भोकात घासलेट ओतलं आणि वरून चिखल थापला. मी त्या अळीकडे बघत राहिले. इतके महिने मला झोपताना डोळे घट्ट मिटायला लावणारं जे होतं, ते एवढंसं, आणि त्याला डोळेही नव्हते. पण माझी भीती गेली नाही. ती फक्त जागा बदलून खाली, मातीत गेली.

कारण मामाने पुढे जे सांगितलं ते जास्त वाईट होतं. माती काढली तर झाड वाचेल. पण इतक्या वर्षांत बुंध्याची एक बाजू आतून कुजली असली, तर ही मातीच त्याला धरून ठेवत असणार. ती काढली की आंबा आमच्या किंवा दाजीकाकांच्या घरावर येईल. "आत काय आसा ता माती काढल्याशिवाय माका दिसणा नाय, ताये. मी तुका खोटो धीर देवचंय नाय."

"आणि तोडलो तर?"

"तोडलो तर एकदाचा भय जाता."

आयेने आंब्याच्या शेंड्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तोडलो तर लोक म्हणतले, काशीच्या पायान आंबो गेलो. मगे तिका हय रवाक कोण देतलो?" आणि पदर खोचून ती फावडं आणायला गेली.

मामाने तिला थांबवलं. आधी वरचं ओझं उतरवायला हवं होतं. घरांच्या बाजूच्या सुकलेल्या फांद्या कापल्याशिवाय बुंध्याला हात लावण्यात अर्थ नव्हता. पण कापणार कोण? मामाचा पाय असा. वाडीतल्या माडावर चढणाऱ्या दोघांना विचारलं, दोघांनीही कानाला हात लावले. राखणदाराच्या झाडावर कोयता घेऊन कोण चढणार? दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अंगणात दोर उलगडत विचार करत होता, तेव्हा काशीआते चुलीपुढून उठून बाहेर आली. कितीतरी दिवसांनी उन्हात आल्यामुळे तिने डोळ्यांवर हात धरला होता.

"मी चडतंय," ती म्हणाली.

"काशी, खुळी जाव नको," आये म्हणाली.

"ह्या आंब्यार मी ल्हान चेडू असताना रोज चडा. खंय पाय ठेवचो ता माका ठावक आसा." तिने नऊवारीचा काष्टा आवळून घेतला, करवत कमरेला बांधली, दोराचं टोक दातात धरलं आणि शिडीवरून वर गेली.

मी तेवढी भीती पुढच्या आयुष्यात फार थोड्या वेळा अनुभवली. पानांतून तिचे पाय दिसत होते, मग नुसती एक टाच, मग काहीच नाही. फक्त तिच्या पायाखालची सुकी साल पापडासारखी तुटून आमच्या डोक्यावर पडत होती. मामा खालून सांगत होता, फांदी आधी खालून थोडी चिर, मग वरून काप, म्हणजे साल सोलून खाली येणार नाही. दोर वरच्या चांगल्या फांदीवरून घे. बाहेर रस्त्यावर माणसं जमली होती, पण कुंपणाच्या आत कुणी येत नव्हतं. पहिली फांदी आयेने धरलेल्या दोरावर हळूहळू उतरली. दुसरीही. तिसरी कौलांवरची दांडगी. तिच्यावर करवतीचा सूर मधेच बदलला, कट्ट असा आवाज झाला, फांदी झोक्यासारखी फिरली आणि अख्खं झाड हाललं. वर काशीआते किंचाळली नाही. नुसतं "आये!" एवढंच ऐकू आलं, आणि मग शांत. माझ्या आयेने दोर सोडला नाही. दोर तिच्या तळहातातून सरकत गेला, हाताची कातडी सोलली, तरी ती मागे रेलून उभीच. मामाने तिच्या मागून दोर धरला.

"काशी!" आये ओरडली. "काशी, आसस मां गो?"

"आसंय," वरून आवाज आला, बारीक, कापरा. "वायच थांब. पाय ठेवक जागा बघतंय."

ती खाली आली तेव्हा तिच्या मांडीवर, दंडांवर ओरखडे होते आणि ओठ पांढरे पडले होते. आयेने सोललेल्या हातांनीच तिला पाणी पाजलं. जखमी फांद्यांच्या तोंडांना मामाने चुना आणि मोरचूद कालवून फासलं, सुपारीला पावसाआधी जे मारतात तेच. मग आम्ही माती काढायला लागलो. कुदळ फक्त लांब. बुंध्याजवळ खुरपं आणि हात. मामा एकदम सगळीकडून खणू देत नव्हता, एक पाचर खाडीकडून, मग एक रस्त्याकडून. बाबांचं ते सारवलेलं अंगण सालपटासारखं निघत होतं. खालची माती तांबडी नव्हती, निळसर काळी झाली होती आणि तिला घाण वास येत होता, भरती सरल्यावर खाडीच्या चिखलाला येतो तसा. पाटी उचलून टाकायला जाताना मी दर वेळी वर बघायची. झाड होतं तिथेच आहे का?

दाजीकाका कुंपणापलीकडून बघत होते. त्यांनी बायको-मुलीला माहेरी पाठवलं होतं, स्वतः मात्र गेले नव्हते. "वैनी, वर येवा! आंगार येतलो तो!" असं ते दर थोड्या वेळाने ओरडायचे. संध्याकाळी खाडीकडच्या बाजूला काशीआतेचं खुरपं खपकन आत गेलं. तिथे साल नव्हती, काळा, ओला, भिजलेल्या पोह्यांसारखा लगदा होता. मामाचा चेहरा पडला. तो दुसऱ्या बाजूला सरकला आणि बोटांनी उकरू लागला. तिथे साल टणक लागली. आणखी खाली, पहिल्यांदाच, खोबऱ्याचा पाय दिसला: बुंध्यातून रुंदावत बाहेर आलेलं, माझ्या शरीराएवढं जाड, निरोगी मूळ.

"घरांच्या बाजूक घट्ट आसा," मामा म्हणाला. "कुसलीहा ती खाडीची बाजू. पडलो तर तिकडची तितकी फांदी पडात. घरार नाय. बहुतेक नाय."

तेव्हा दाजीकाका कुंपण ओलांडून आले. खड्ड्याच्या काठावर बसून त्यांनी ती काळी माती मुठीत घेतली, नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं. बराच वेळ ती मूठ त्यांनी उघडली नाही. "ही मी हाडलंय," ते शेवटी म्हणाले. "माझ्या गाडयेतून. काशी तेव्हा वालावलीक होती." मग ते खड्ड्यात उतरले, काशीआतेच्या हातातलं खुरपं काढून घेतलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तू वर जा गो. हात बघ तुझे काय झालेहत."

मामाला परत जायचं होतं. जाताना त्याने खड्ड्यापासून खाडीच्या उतारापर्यंत एक चर खणवून घेतला. पावसात खड्ड्यात पाणी साचलं तर माती काढून न काढल्यासारखंच, असं तो दोनदा सांगून गेला. उघड्या मुळांवर पातेरा पातळ पसरायचा, बुंध्याला टेकवायचा नाही, शेण अजिबात घालायचं नाही. आजारी माणसाला मटण वाढत नाहीत, तो म्हणाला.

पाऊस लागला आणि आमचे दिवस कान देऊन ऐकण्यात जाऊ लागले. आषाढात एक दिवस सकाळपासून समुद्राकडून असा वारा सुटला की माडांचे शेंडे जमिनीला लागतात की काय असं वाटावं. दाजीकाका आमच्या घरात आले. पडवीत उभं राहून आम्ही चौघं खोबऱ्याकडे बघत होतो. पाऊस आडवा येत होता. चरात पातेरा अडकला आणि खड्डा भरू लागला, ते काशीआतेने पहिल्यांदा बघितलं. ती खाली उतरली. आये "नको, नको" म्हणत राहिली आणि दाजीकाका डोक्यावर इरलं न घेताच तिच्या मागे धावले. दोघं वाकून हातांनी चर मोकळा करत होती, त्यांच्यावर तो आंबा डुलत होता, आणि मी आयेच्या पोटात तोंड खुपसलं. पाणी खळकन वाहून गेल्याचं मी ऐकलं. दोघं धावत ओटीवर आली. त्यानंतर थोड्याच वेळात तोच आवाज आला, कापड फाटल्याचा, पण कितीतरी लांब चाललेला. अंगणात काळोख झाल्यासारखं झालं आणि मग एकदम उजेड. मी डोळे उघडले नाहीत. आयेचं पोट दगडासारखं घट्ट झालं होतं.

काशीआतेचा आवाज आला, "उभो आसा."

खाडीकडची अर्धी बाजू कुंपणावर आणि गोठ्याच्या कोपऱ्यावर आडवी झाली होती. गाय भिंतीला चिकटून उभी होती, तिला खरचटलंही नव्हतं. घरांच्या बाजूचा अर्धा खोबऱ्या आपल्या उघड्या पायांवर तसाच उभा होता, चोळामोळा झालेला.

पुढची काही वर्षं त्याने एकही आंबा दिला नाही. पालवी मात्र दर वर्षी थोडी मोठी, थोडी गडद होत गेली. काशीआतेला वालावलला पाठवायची गोष्ट परत कुणी काढली नाही. ती आमच्याच घरात म्हातारी झाली, आणि माझ्या मुलांना तिने झाडावर चढायला शिकवलं. उन्हाळ्यात ती खोबऱ्याला पाणी घालायची ते बुंध्यात नाही, लांब, फांद्यांची सावली संपते तिथे.

बाबा आले ते त्या पावसाळ्यानंतर. एस.टी.तून उतरून बॅग घेऊन ते कुंपणाशी आले आणि थबकले. त्यांच्या ताटासारख्या अंगणाच्या मधोमध भलामोठा खड्डा, त्याला चिऱ्यांचा कठडा, त्यातून निघालेला चर, आणि अर्धा आंबा. मला वाटलं, आता ओरडतील. आये दारात आली, तिने पदराला हात पुसले आणि एका दमात, मान खाली घालून, सगळं सांगितलं. बाबांनी बॅग खाली ठेवली. खड्ड्यात उतरून त्यांनी ते मूळ हाताने चाचपलं, वरपासून खालपर्यंत. मग वर बघून त्यांनी आयेचे तळहात बघितले. दोरीचे वळ तिथे अजून गुलाबी होते.

"तू भियालंस नाय?" त्यांनी विचारलं.

मी आयेकडे बघत होते. त्या सगळ्या महिन्यांत तिच्या तोंडावर मी भीती एकदाही बघितली नव्हती. तीच एक धीराची आहे, म्हणून मी तिला चिकटून राहिले होते.

"भियालंय," आये म्हणाली, आणि तिथेच उंबरठ्यावर बसली. "रोज भियालंय. अजून भियतंय."

बाबा खड्ड्यातून वर आले आणि तिच्याशेजारी बसले. काशीआतेने आतून चहा आणला, तो कितीतरी वेळ तसाच निवत राहिला.